करवत लाकडाकडे की लाकूड करवतीकडे?

वर्गातला एखादा जुना लाकडी बाक उलटा करून पाहा. बाकाची वरची बाजू सुताराने रंधा मारून गुळगुळीत केलेली असते. खालच्या बाजूची तो सहसा तसदी घेत नाही. तिथे कापणीच्या खुणा तशाच राहतात. त्या खुणा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतील, तर ती फळी गोल चकतीच्या करवतीवर कापलेली आहे. त्या सरळ, समांतर आणि साधारण सारख्या अंतरावर असतील, तर ती पट्ट्याच्या करवतीवर, म्हणजे बँड सॉवर कापलेली आहे. रेघा तिरक्या आणि कमीजास्त अंतरावर असतील, तर माणसाच्या हातांनी ओढलेल्या करवतीची ती सही समजावी. वसईतल्या जुन्या घरांच्या तुळयांवर कधी याहूनही जुनी खूण सापडते. ती तासणीच्या घावांची असते.

या चार खुणांमध्ये लाकूडकामाचा मोठा इतिहास दडलेला आहे, आणि तो वसई परिसरात बसून चांगला वाचता येतो.

सोळाव्या शतकात आगाशी हे गाव जहाजबांधणीसाठी ओळखले जाई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, वसईत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांना इथे बंदर हवे होते, तसेच मागच्या डोंगरांतले सागवानही हवे होते. अशेरी गडाच्या परिसरातले साग त्यांच्या जहाजांना फार मोलाचे होते. तोडलेले ओंडके ओढत नेण्यापेक्षा पाण्यावर सोडणे केव्हाही सोपे. वैतरणेसारखी नदी हाताशी असल्यावर हे काम आणखी सुकर होते.

त्या काळी ओंडका चिरायचा कसा? ओंडक्याचे एक टोक घोडीवर उचलून ठेवत किंवा त्याच्याखाली खड्डा खणत. एक माणूस ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली. दोघे मिळून लांब करवत वर-खाली ओढत. वरच्याने आखलेल्या रेघेवर नजर ठेवायची आणि खालच्याने डोळ्यांत पडणारा भुसा सोसायचा. काम संथ आणि कष्टाचे होते, पण त्यात एक सोय होती. करवत खांद्यावर टाकून माणसे झाडापाशी जाऊ शकत. जड लाकूड जागेवर राही आणि हलके हत्यार त्याच्याकडे जाई.

यंत्र आले आणि हा क्रम उलटा झाला. १७७७ मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर याने गोल करवतीचे पेटंट घेतले. वर-खाली चालणारी करवत निम्मा वेळ परतीच्या प्रवासात घालवते. गोल करवत मात्र सतत कापत राहते. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या यंत्रांनी जहाजांसाठी हजारो कप्प्या बनवल्या, त्यांतही गोल करवती होत्या. पण अशी यंत्रे जड असत. त्यांना पाणचक्कीची किंवा वाफेची शक्ती लागे. आता लाकडालाच करवतीकडे यावे लागले आणि गिरणीभोवती वखार उभी राहिली.

गोल करवतीची अडचण तिच्या आकारातच आहे. चकती फक्त मधोमध आसावर धरलेली असते. कडेला तिला आधार नसतो. ती लटपटू नये म्हणून जाड ठेवावी लागते. शिवाय कापताना कड तापते आणि प्रसरण पावते. मधला भाग तुलनेने थंड राहतो, त्यामुळे चकती पापडासारखी वाकू पाहते. म्हणून मोठ्या चकत्या कसबी कारागिराकडून हातोडीने ठोकून घ्याव्या लागतात. काप चकतीच्या त्रिज्येपेक्षा खोल जाऊ शकत नाही, तेव्हा जाड ओंडक्याला मोठी चकती लागते, आणि मोठी चकती आणखी जाड लागते.

यावर उपाय १८०८ मध्येच सुचला होता. विल्यम न्यूबेरी याने दोन चाकांवर फिरणाऱ्या, दातेरी, अखंड पट्ट्याचे पेटंट घेतले. पट्टा दोन्ही बाजूंनी ताणलेला असल्यामुळे पातळ असला तरी चालतो. कल्पना उत्तम होती, पण यंत्र चालेना. पट्ट्याची दोन टोके जोडलेला सांधा पुन्हापुन्हा तुटे. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या ॲन पॉलीन क्रेपँ या बाईंनी सांधा पक्का करण्याची पद्धत शोधली, आणि पुढे चांगले पोलादही मिळू लागले. मोठे ओंडके चिरणारी बँड सॉ अमेरिकेत १८६९ च्या सुमारास आली. कल्पनेला योग्य पदार्थासाठी सुमारे साठ वर्षे थांबावे लागले. शोध म्हणजे एका माणसाच्या डोक्यात एका क्षणी पडलेला प्रकाश, असे मुलांना वाटत असते. त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

सांधा का तुटत होता, हे साध्या तारेने दाखवता येते. तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिले की थोड्या वेळात ती तुटते. चार मीटर लांबीचा पट्टा सेकंदाला २५ मीटर वेगाने धावत असेल, तर त्याचा प्रत्येक भाग दर फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकतो आणि सरळ होतो. म्हणजे तासाला ४५,००० वेळा!

मग एवढा खटाटोप कशासाठी? हिशोब करून पाहू. ३०० मिलिमीटर जाडीचा चौरस ओंडका आहे आणि त्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या हव्या आहेत. गोल करवत दर कापाला ६ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते असे धरू. दहा फळ्यांना २५० आणि मधल्या नऊ कापांना ५४, मिळून ३०४ मिलिमीटर लागतात. चार मिलिमीटर कमी पडले, म्हणून फळ्या नऊच. बँड सॉचा काप २ मिलिमीटर धरला, तर अकरा फळ्यांना २७५ आणि दहा कापांना २०, मिळून २९५. म्हणजे अकरा फळ्या! झाड तेच, पण दोन फळ्या जास्त मिळाल्या. साग पन्नास-साठ वर्षे वाढतो हे लक्षात घेतले, तर या दोन फळ्यांची किंमत कळते.

तरीही गोल करवत गेली नाही. ती दणकट असते आणि तिची निगा सोपी असते. पातळ पट्ट्याला धार लावणे आणि दात फाकवणे हे वेगळे कसब आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. लाकडात जुना खिळा निघाला, तर पट्टा वायाच जातो. म्हणून अनेक वखारींत ओंडका फोडायला बँड सॉ आणि फळीच्या पट्ट्या पाडायला गोल करवत, अशी वाटणी असते. मात्र गोल करवतीचा एक मोठा दोष भुशात मोजता येत नाही. फळीची चीर मागे मिटली की चकती तिच्यात अडकते आणि फळी उसळून कारागिराच्या अंगावर येते. चकतीमागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पाचर आणि वर झाकण असलेच पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यातले एकविसावे कलम यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षण घालायला सांगत असे ते याचसाठी. काम जलद व्हावे म्हणून झाकण काढून ठेवले, तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत हलकी, चाकांवरून नेता येणारी बँड सॉ बाजारात आली. तिच्यात ओंडका स्थिर असतो आणि पट्ट्याचे डोके रुळांवरून पुढे सरकते. वरच्या-खालच्या दोन माणसांचीच रीत इंजिनाच्या रूपात परत आली!

वसई-विरारला याचे काय? १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची असंख्य झाडे पाडली. आंबा, फणस, पर्जन्यवृक्ष यांचे रस्त्यात आडवे झालेले बुंधे वाट मोकळी करण्यासाठी तुकडे होऊन जळणाला जातात. ते अखंड वखारीपर्यंत नेणे परवडत नाही. अशा वेळी झाडापाशी येणारी करवत बुंध्यातून शाळेचे बाक काढू शकेल. पण हीच सोय उलटी वापरता येते. जी करवत पडलेल्या झाडाकडे जाते ती तुंगारेश्वरच्या उभ्या झाडाकडेही जाऊ शकते. ३० ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडू देऊ नये असे राज्यांना बजावले, त्यामागे जंगलाचीच काळजी होती. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे दिले. चाकांवरचे यंत्र घ्यायचे ठरवणाऱ्याने आधी वनखात्याकडे चौकशी करावी हे बरे.

तेव्हा गोल की पट्ट्याची, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. लाकूड किती मोलाचे, धार लावणारा कोण, ओंडका कुठे पडला आहे आणि यंत्रापाशी कोणाचे हात आहेत, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

मुलांना जवळच्या वखारीत न्या. यंत्रापासून लांब, वखारवाल्याने दाखवलेल्या जागीच उभे करा. प्रत्येकाने फळीचा एक टाकाऊ तुकडा आणावा, त्यावरच्या खुणा ओळखाव्यात, आणि वखारीतल्या कापाची रुंदी विचारून घेऊन वरचा हिशोब पुन्हा करावा. बाकाखालच्या रेघा नंतर त्यांना नुसत्या रेघा वाटणार नाहीत.