४० टक्क्यांचा भागीदार

फोनवर नकाशा उघडा, सुदानची राजधानी खार्टुम शोधा आणि उपग्रहाचं चित्र लावा. पांढरी नाईल आणि निळी नाईल तिथं एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यात दक्षिणेकडे सरकलात की पट्टीनं आखल्यासारख्या चौकटी दिसू लागतात. ती शेतं आहेत. सगळी मिळून सुमारे २२ लाख एकर, आणि सगळ्यांना कालव्याचं पाणी. या प्रदेशाचं नाव गेझिरा. अरबीत जझीरा म्हणजे बेट. मुरूडचा जंजिरा ज्या शब्दावरून आला, तोच हा शब्द.

नातं एवढंच नाही. गेझिराची माती काळी आहे, पावसात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीच्याच जातकुळीतली. तिथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या पावसावर जे धान्य पिकवत होता त्याला तो ‘दुरा’ म्हणतो. दुरा म्हणजे ज्वारी. आणि विसाव्या शतकात तिथं जे नगदी पीक आलं, ते कापूस.

गरीब देशातली शेती बदलायची तर खासगी गुंतवणूक यायला हवी, हे वाक्य आज जवळपास प्रत्येक परिषदेत ऐकू येतं. गेझिरात ही गुंतवणूक १०० वर्षांपूर्वी आली. लहान शेतकऱ्याला शेतमजूर न करता भागीदार करायचं, अशी अट घालून आली. म्हणूनच तिचा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे.

मँचेस्टरची काळजी

१८९९ पासून सुदानवर ब्रिटन आणि इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता. संयुक्त फक्त नावापुरता, कारभार ब्रिटिशांचा. देश मोठा आणि तिजोरी रिकामी. तिकडे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना वेगळीच धास्ती होती. त्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा गिरण्या कशा बंद पडल्या, हे त्या विसरल्या नव्हत्या. १९०२ मध्ये मँचेस्टरला ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन स्थापन झाली. साम्राज्यातच कापूस पिकवा, हा तिचा धोशा.

अशा वेळी ली हंट नावाचा एक अमेरिकन व्यावसायिक सुदानात पोचला. १९०४ मध्ये त्यानं खार्टुमच्या उत्तरेला झैदाब इथं १०,००० फेद्दान जमिनीचा परवाना मिळवला. फेद्दान म्हणजे एका एकराहून किंचित जास्त. अमेरिकेतले कृष्णवर्णीय शेतकरी इथं आणावेत, अशी त्याची मूळ कल्पना होती. ती फार पुढे गेली नाही. शेवटी जमीन स्थानिक शेतकऱ्यांनाच कसायला द्यावी लागली. १९०७ पासून त्याची कंपनी सुदान प्लँटेशन्स सिंडिकेट या नावानं ओळखली जाऊ लागली. पुढे ४० हून जास्त वर्षं सुदानच्या शेतीत ‘कंपनी’ म्हटलं की हीच.

१९११ मध्ये गेझिरातल्या तय्यिबा या ठिकाणी पंपानं नदीचं पाणी उचलून चाचणी घेतली गेली. लांब धाग्याचा कापूस उत्तम आला. पण लाखो एकरांना पंप पुरणार नव्हते. निळ्या नाईलवर धरण हवं होतं, आणि एवढा पैसा घालायला कुठलीच खासगी कंपनी तयार नव्हती.

पैसा कोणाचा, धोका कोणाचा

धरणासाठी सुदान सरकारनं कर्ज काढलं. त्याला १९१३ मध्ये ब्रिटिश संसदेनं ३० लाख पौंडांपर्यंत हमी दिली. मध्येच पहिलं महायुद्ध आलं, खर्च वाढला, हमीची रक्कमही वाढली. सेन्नारचं सुमारे ३ किलोमीटर लांबीचं धरण पुरं होऊन १९२५ च्या जुलैमध्ये कालव्यांत पाणी सुटलं.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उशिरा परतणारा पैसा सार्वजनिक होता. धरण सरकारचं आणि मुख्य कालवेही सरकारचे. कंपनीनं पैसा घातला तो त्यानंतर: जमीन सपाट करणं, शेतापर्यंतचे लहान चर, इमारती, यंत्रं, देखरेख करणारे इन्स्पेक्टर आणि शेतकऱ्यांना हंगामासाठी उचल. जिथं पाणी येणार हे ठरलंय आणि पीक कोणाच्या हातून विकलं जाणार हेही ठरलंय, तिथं गुंतवणूकदार हजर होतो. त्यात वाईट काही नाही. पण गेझिराचं श्रेय एकट्या खासगी भांडवलाला देताना हा क्रम विसरला जातो.

जमिनीचं काय केलं? इथं सरकारनं एक शहाणपणाचं पाऊल उचललं. जमीन कंपनीला विकली नाही. १९२१ च्या कायद्यानं ती मूळ मालकांकडून ४० वर्षांसाठी सक्तीनं भाड्यानं घेतली. भाडं वर्षाला फेद्दानामागे १० पियास्टर, म्हणजे इजिप्शियन पौंडाचा दहावा भाग. मालकी मालकाकडेच राहिली आणि कसायला जमीन घेण्याचा पहिला हक्कही त्यालाच मिळाला. मग सगळ्या जमिनीच्या ३०-३० फेद्दानांच्या सारख्या वाटण्या पाडल्या. १० फेद्दानांवर कापूस लावायचा, १० वर ज्वारी आणि लुबिया, म्हणजे वालाच्या जातीचं कडधान्य, आणि उरलेले १० पडीक ठेवायचे. ज्वारी आणि लुबिया पूर्ण कुळाची. त्यात कंपनीचा वाटा नाही आणि सरकारचाही नाही. जमिनीचा खंड नाही, पाणीपट्टी नाही.

कापसाचे मात्र तीन वाटे. जिनिंग, वाहतूक आणि विक्रीचा खर्च वजा जाऊन १०० रुपये उरले असं धरा. त्यातले ४० कुळाचे, ३५ सरकारचे, २५ कंपनीचे. पुढच्या करारांत सरकारनं आपला वाटा वाढवून कंपनीचा २० पर्यंत खाली आणला. कुळाचे ४० तसेच राहिले. नाईलकाठी अशी वाटणी जुनीच होती. रहाटाचं पाणी, जमीन, बियाणं, बैल आणि मेहनत ज्याची त्याची धरून पिकाचे वाटे घालायचे, हा तिथला रिवाज होता. आपल्याकडच्या बटईसारखाच. त्यामुळे पद्धत लोकांना परकी वाटली नाही.

कागदावर ही व्यवस्था आजच्या बऱ्याच करारशेतीपेक्षा बरी दिसते. जमीन गेली नाही, पोटाची ज्वारी शाबूत राहिली आणि भाव पडला तर तिघांचंही उत्पन्न पडणार.

सारखा वाटा, वेगळा भार

खोट शोधायची तर ‘तिघांचंही उत्पन्न पडणार’ यातच शोधावी लागते.

कुळाचे ४० रुपये थेट त्याच्या हातात येत नसत. नांगरटीचे पैसे, बियाणं, वेचणीसाठी घेतलेली उचल हे सगळं आधी त्याच्या खात्यातून कापलं जाई. खातं लिहिणार कंपनी. कापूस विकणार कंपनी. पेरणी कधी आणि खुरपणी किती, हे सांगणार कंपनीचा इन्स्पेक्टर. आपल्याच शेतात कापसाऐवजी दुसरं काही लावण्याची मुभा नाही. नाव भागीदार, पण ज्या वहीवर भागीदारी ठरायची ती वही त्याच्या हातात कधीच नव्हती.

पहिली काही वर्षं पीक आणि भाव दोन्ही चांगले होते. १९३० च्या सुमाराला जागतिक मंदी आली, कापसाचा भाव कोसळला. त्याच वेळी शेतात रोग शिरले. एक ब्लॅकआर्म नावाचा जिवाणूजन्य रोग, दुसरा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पानं मुरडण्याचा. उत्पन्न इतकं घसरलं की ४० टक्क्यांतून उचलही फिटेना. हंगाम संपला की कुळाच्या खात्यावर उलट कर्ज दिसे. काहींनी वाटणी सोडून दिली. कंपनीलाही झळ बसली, पण कंपनीचा तोटा म्हणजे भागधारकाला यंदा लाभांश कमी. कुळाचा तोटा म्हणजे पुढच्या हंगामाचं कर्ज आधीच डोक्यावर. टक्केवारी सारखी राहूनही तोट्याचं वजन वेगळं असतं, ते असं.

ही शेती त्या काळात तरली ती दोन गोष्टींवर. एक म्हणजे संशोधन: रोगाला तोंड देणारे वाण, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून जाळणं, जास्त पडीक ठेवणारी नवी फेरपालट. दुसरी म्हणजे ती ज्वारी. कापसानं दगा दिला तरी घरात धान्य होतं. करारातला सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरला, ज्यात गुंतवणूकदाराला काहीच मिळत नव्हतं.

आणखी एक माणूस या करारात कुठेच नाही. वेचणीला लाखो हात लागत. ते देशाच्या पश्चिम भागातून येत, त्याहून दूर पश्चिम आफ्रिकेतूनही येत. मक्केच्या वाटेवर निघालेली, वाटखर्चासाठी थांबलेली आणि मग तिथंच राहिलेली कितीतरी कुटुंबं त्यांत होती. तीन वाट्यांच्या हिशेबात त्यांचा वाटा नव्हता. त्यांची मजुरी कुळाच्या ४० मधून जाई.

राखीव निधी

दुसऱ्या महायुद्धात गेझिराचा कापूस ब्रिटननं ठरलेल्या भावानं एकगठ्ठा घेतला. कुळांच्या वाट्यातला काही भाग वाईट वर्षांसाठी राखीव निधीत टाकला जात होता. १९३० नंतरच्या अनुभवावरून आलेली ही कल्पना वाईट नव्हती. पण निधी किती साचलाय आणि तो कधी, कोणासाठी वापरायचा, हे कुळांना कोणी विचारलं नव्हतं.

१९४६ च्या जुलैमध्ये, ऐन लागवडीच्या वेळी, हजारो कुळांनी कापूस पेरायला नकार दिला. मागणी एकच: आमचा निधी आम्हाला द्या. ज्या पिकासाठी धरण, कालवे आणि कंपनी उभी होती, ते पीक जमिनीत घालणारे हात थांबले. सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या आणि निधीतला काही पैसा वाटावा लागला. या संपातून कुळांचं प्रतिनिधित्व आणि पुढे त्यांची संघटना उभी राहिली. ब्रिटिश अमदानी संपायच्या आतच देशातल्या सगळ्यात मोठ्या शेतीप्रकल्पातला शेतकरी हिशेब मागायला शिकला होता.

१९५० मध्ये सिंडिकेटची मुदत संपली. ती वाढवली गेली नाही आणि कारभार सुदान गेझिरा बोर्डाकडे आला. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार हाच कापूस होता. भारतातल्या गिरण्याही त्या लांब धाग्याच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या.

कंपनी गेल्यावर

इथं गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. तशी झाली नाही. कंपनीच्या जागी सरकार आलं, पण वही तशीच दूर राहिली. एकाच पिकावर उभ्या असलेल्या देशाला कापसातून शक्य तितका पैसा हवाच होता. १९८० च्या सुमाराला सामाईक खातं मोडून प्रत्येक कुळाचं वेगळं खातं सुरू झालं आणि जमीन-पाण्याचा आकार लागू झाला. मेहनत करणाऱ्याला त्याचं फळ मिळेल, हा त्यामागचा विचार. पण त्याबरोबर नापिकीचा भारही एकट्याचा झाला. २००५ च्या कायद्यानं पीक निवडायची मोकळीक दिली आणि खासगी क्षेत्राला दार उघडलं. जवळपास ८० वर्षांनी शेतकऱ्याला निवड मिळाली, तेव्हा कालव्यांत गाळ साचलेला होता. गाळ काढण्याच्या कामात कुठल्याही गुंतवणूकदाराला नफा दिसत नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झालं, आणि त्याच डिसेंबरात गेझिराचं मुख्य शहर वाद मदनी निमलष्करी दलाच्या हाती गेलं. जानेवारी २०२५ मध्ये लष्करानं ते परत घेतलं. मधल्या काळात गावं लुटली गेली, शेतकरी परागंदा झाले.

शेतीत खासगी पैसा यावा की नाही, हा वाद आपल्याकडेही चालू राहील. गेझिराकडे पाहून त्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. पैसा आला, पाणी आलं आणि काही वर्षं बरकतही आली. पण करार समोर आला की टक्केवारीच्या आधी बघायच्या काही गोष्टी गेझिरात सापडतात. वही कोण लिहितो आणि ती शेतकऱ्याला उघडून पाहता येते का? वाईट वर्षाचं कर्ज कोणाच्या नावावर चढतं? त्याच्या घरची ज्वारी कराराच्या बाहेर सुरक्षित आहे का? आणि कंपनीची मुदत संपल्यावर कालव्यातला गाळ कोण काढणार?