गोलंदाज

आज गोलंदाज म्हटलं की बुमराच डोळ्यांपुढे येतो. शब्द मात्र मूळचा तोफखान्यातला. गोळा आपला आणि ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा, हा फारसी, तीरंदाजातलाही तोच. तोफ तुर्की ‘तोप’वरून आली. तुर्कीत चेंडूलाही तोपच म्हणतात! म्हणजे चेंडू आणि तोफगोळा हे भाषेतले जुने सोबती.

मराठेशाहीत तोफखाना म्हटलं की सोनोरीच्या पानसे घराण्याचं नाव आदरानं घ्यावं लागतं. मल्हारगड त्यांनीच बांधला.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत तर अख्खी ‘गोलंदाज बटालियन’ होती. तिची आठवी कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली. पुढे तीच ५ (मुंबई) माउंटन बॅटरी झाली. तोफेचे भाग सुटे करायचे, खेचरांवर लादायचे, डोंगरमाथ्यावर नेऊन पुन्हा जोडायचे, ही तिची रीत. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातून तोफा जवळजवळ काढूनच घेतल्या. अशा मोजक्या पहाडी तुकड्या तेवढ्या उरल्या. भारतीय तोफखाना २८ सप्टेंबरलाच ‘गनर्स डे’ साजरा करतो, तो म्हणूनच.

बोधचिन्हावरचा ब्रिटिश मुकुट स्वातंत्र्यानंतर गेला, तिथे तारा आला. खालची तोफ राहिली. ब्रीद झालं ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. संस्कृत आणि उर्दू एका ओळीत इतक्या सहज नांदतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पायदळाला निशाण असतं, तोफखान्याला वेगळं निशाण नाही. तोफ हेच त्याचं निशाण, आणि निशाणाचा मान तिलाच.