पाचवा सोबती : स्टुअर्ट सटक्लिफ

बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही चार नावेही अनेकांना ठाऊक असतात. परंतु १९६० साली हा वृंद प्रथम जर्मनीतील हॅम्बर्ग शहरी गेला तेव्हा त्यात पाच तरुण होते, आणि बास गिटार मॅकार्टनीच्या नव्हे, तर स्टुअर्ट सटक्लिफ नावाच्या वीस वर्षांच्या चित्रकाराच्या हाती होती. सुमारे दीड वर्ष तो या वृंदात राहिला आणि नंतर स्वेच्छेने बाहेर पडला. हाती आलेले भाग्य दवडणारा अभागी, अशीच त्याची कहाणी बहुधा सांगितली जाते. ती कितपत खरी, हे पाहण्याजोगे आहे.

स्टुअर्टचा जन्म २३ जून १९४० रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे झाला. युद्धकाळात कुटुंब लिव्हरपूलच्या परिसरात येऊन स्थायिक झाले. आई शिक्षिका होती. वडिलांनी पुढे जहाजावर नोकरी धरल्याने ते घरी क्वचितच असत. मुलाच्या हातातील कला लवकर दिसून आली आणि तो लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात दाखल झाला. तेथेच त्याची गाठ जॉन लेननशी पडली. एक मन लावून रंगकाम करणारा, दुसरा वर्गात थट्टामस्करी करणारा. तरीही दोघांचे मैत्र जुळले. जुलै १९५८ मध्ये अपघातात आई गमावलेल्या लेननला या शांत मित्राचा मोठा आधार वाटला असल्यास नवल नाही.

१९५९ च्या अखेरीस लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात एक प्रतिष्ठेचे प्रदर्शन भरले. त्यात स्टुअर्टचे चित्र निवडले गेले आणि प्रदर्शनाचे आश्रयदाते, उद्योगपती जॉन मूर्स यांनी ते स्वतः ६५ पौंडांना विकत घेतले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम मोठीच होती. आपल्या वृंदात बास वाजवणारा कोणी नाही, तेव्हा तू गिटार घे, अशी मित्रांनी त्याला गळ घातली आणि हॉफ्नर बनावटीची बास गिटार त्याच्याकडे आली. चार जाड तारांचे हे वाद्य खर्जात वाजते आणि गाण्याला तालाचा व सुराचा पाया देते. स्टुअर्टला ते मुळापासून शिकावे लागले. बडी हॉलीच्या ‘क्रिकेट्स’ या वृंदाच्या धर्तीवर आपल्यालाही कीटकाचे नाव असावे, ही कल्पना त्याने आणि लेननने मिळून काढली असे सांगतात.

ऑगस्ट १९६० मध्ये हे पाच जण हॅम्बर्गच्या रंगेल वस्तीत पोहोचले. आधी ‘इंद्रा’ आणि मग ‘कैसरकेलर’ या क्लबांत रात्रीचे तासन् तास वाजवावे लागे. आपले कच्चे वादन दिसू नये म्हणून स्टुअर्ट श्रोत्यांकडे पाठ करून उभा राही, ही कथा फार प्रसिद्ध आहे. त्याला जवळून ऐकणाऱ्या काहींनी मात्र तो नेटके वाजवीत असे, असे सांगितले आहे. १९६० मधील घरगुती ध्वनिमुद्रणांपैकी तीन गाणी १९९५ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. त्यांतली त्याची बास साधी आहे. मात्र हास्यास्पद मुळीच नाही.

कैसरकेलरमध्येच क्लाउस फोरमान हा चित्रकार आणि अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर ही छायाचित्रकार यांच्याशी त्यांचा परिचय झाला. अ‍ॅस्ट्रिडने टिपलेली त्यांची कृष्णधवल छायाचित्रे आज इतिहासाचा भाग झाली आहेत. पुढे जगभर गाजलेली ती कपाळावर उतरणारी केशरचना वृंदात प्रथम स्टुअर्टने केली, आणि त्याचे केस कापले होते अ‍ॅस्ट्रिडनेच. नोव्हेंबर १९६० मध्ये दोघांचा वाङ्निश्चय झाला.

१९६१ च्या उन्हाळ्यात स्टुअर्टने वृंद सोडला आणि हॅम्बर्गच्या कला महाविद्यालयात प्रसिद्ध शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी यांच्या वर्गात प्रवेश घेतला. गुरूंनी या शिष्याची मनापासून प्रशंसा केली. बासची जबाबदारी मॅकार्टनीने उचलली आणि तीच त्याची ओळख ठरली.

परंतु तीव्र डोकेदुखीने स्टुअर्टला ग्रासले. अभ्यास आणि चित्रकाम चालू असतानाच १० एप्रिल १९६२ रोजी रुग्णालयाच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच त्याची प्राणज्योत मालवली. मेंदूतील रक्तस्राव हे कारण होते. वय अवघे २१ वर्षांचे. नव्या कार्यक्रमांसाठी हॅम्बर्गला आलेल्या सोबत्यांना दुसऱ्या दिवशी विमानतळावर अ‍ॅस्ट्रिडच्या तोंडून ही वार्ता कळली. वृंदाची पहिली महत्त्वाची ध्वनिमुद्रिका निघाली ती त्यानंतर, ५ ऑक्टोबर १९६२ रोजी.

ही शेवटची तारीख ध्यानात ठेवावी. स्टुअर्टने वृंद सोडला तेव्हा सोडण्याजोगी कीर्ती अस्तित्वातच नव्हती. होती ती रात्रीची मजुरी, कोंदट क्लब आणि मित्रांची सोबत. पुढचे वैभव ठाऊक असलेले आपण त्याला वेडा ठरवतो, तेव्हा आपण त्याच्या निर्णयाला आपल्या माहितीच्या तराजूत तोलतो. त्याच्यासमोर प्रश्न निराळा होता : जे काम मित्रांखातर पत्करले ते चालू ठेवायचे, की ज्यासाठी आपला हात घडला आहे त्याकडे परतायचे? हा पाचारणाचाच प्रश्न होय, आणि त्याने त्याचे उत्तर मैत्री न तोडता दिले. लेननशी त्याचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.

१९६४ साली वॉकर कलादालनानेच त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीच्या वेष्टनावर सोबत्यांनी त्याचा चेहरा आठवणीने छापला. कीर्तीच्या शिखरावरही ते त्याला विसरले नव्हते. आपल्या घरातील मूल चालती वाट सोडून आपल्या ओढीच्या कामाकडे वळू पाहते, तेव्हा आईवडिलांच्या मनात हिशेब सुरू होतो आणि तो स्वाभाविकही आहे. त्या हिशेबात या तरुणाच्या अखेरच्या वर्षाचीही नोंद असावी : ते थोडके होते, पण त्याने स्वतः निवडलेल्या कामात गेले.