पुष्पक: कच्च्या जमिनीसाठी पहिलं विमान

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर. त्यानं नुकतंच खाजगी पायलटचं लायसन्स काढलंय आणि त्याला डांबरी धावपट्टीपेक्षा माळरानावर, गवताच्या पट्टीवर उतरायची ओढ आहे. त्याचा प्रश्न: पहिलं विमान कुठलं घेऊ?

मी सॉफ्टवेअरवाला, विमानांचा दलाल नाही. पण याचं एक चांगलं उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

आधी जमिनीचं बोलू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले. जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती कामाचीच नव्हती, म्हणून तेवढे महिने टपालाची विमानं पुण्याहून उडायची. म्हणजे बघा, विमान तेच, पण कुठून उडायचं हे जमिनीनं ठरवलं. आमच्या सोनारीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथं बैलगाडीसुद्धा रुतते. म्हणून पहिला प्रश्न 'कुठलं विमान' हा नाही, 'कुठं उतरणार' हा आहे.

आता डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातला. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांच्या डिझाइनचं काम उभं केलं. १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं आणि १९५८ मध्ये पुष्पक. पुष्पक हवाई दलासाठी नव्हतं, फ्लाइंग क्लबांसाठी होतं. शेजारी शेजारी दोन सीट, पंख वर, शेपटीखाली छोटं चाक, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि माणसांसकट वजन ६०० किलोंच्या आसपास. अशी सुमारे दीडशे विमानं बनली आणि देशभरातल्या कितीतरी पायलटांनी त्यांच्यावर उडायला सुरुवात केली.

यात आपल्या श्रोत्याच्या कामाचं काय? एक, वेग. ताशी ६० किलोमीटरऐवजी ९० नं टेकलात, तर वेग दीडपट होतो, पण जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. खड्डा तोच असतो, दणका दुप्पट बसतो. त्यामुळे विमान किती जोरात जातं यापेक्षा किती हळू उडू शकतं, हे आधी विचारायचं. दोन, चाक. पुढचं चाक खड्ड्यात अडकलं तर मोडतं आणि पंखा जमिनीला लागतो. शेपटीला चाक असेल तर नाक वर राहतं. पण याची किंमत मोजावी लागते: वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागं असल्यामुळे, उतरताना पाय जरा सुस्तावले की विमान गर्रकन फिरतं. ही सवय महागड्या विमानावर लावून घ्यायची नसते.

पुष्पकनंतर वर्षभरानं त्याच घरातलं कृषक आलं. इंजिन २२५ हॉर्सपॉवरचं, काम सैन्याच्या तोफखान्याचं: कच्च्या जागेवरून उडायचं आणि गोळे कुठं पडतायत ते वरून बघायचं. खरं रानावनातलं विमान हेच. पण क्रम लक्षात घ्या. शिकायला पुष्पक, रानात जायला कृषक.

तर मित्रा, माझं उत्तर असं. मोठी टायरं आणि मोठं इंजिन असलेलं विमान व्हिडिओत भारी दिसतं, पण ते दुसरं विमान आहे. पुष्पक आज नव्यानं मिळणार नाही, त्याचं उत्पादन कधीच थांबलंय. पण त्या जातीचं घे: हलकं, दोन सीटचं, शेपटीला चाक असलेलं, अमेरिकेतल्या पायपर कबसारखं. इंजिनाचे सुटे भाग मिळतात का आणि जवळपास ते दुरुस्त करणारा कुणी आहे का, हे पैसे देण्याआधी बघ. बजेटमधले काही पैसे जाणत्या इन्स्ट्रक्टरसोबतच्या तासांसाठी बाजूला ठेव. पहिलं वर्ष चांगल्या गवती पट्टीवर काढ. उतरण्याआधी ती पट्टी एकदा पायी चालून ये, शेतकरी पेरणीआधी रान बघून येतो तशी.

भेटू पुढच्या भागात.