बार्शीचा मेहबूब

आजचा लोकगायक घरी गाणी रेकॉर्ड करतो आणि कंपनीची वाट न पाहता अल्बम काढतो. चांगलेच आहे. पण असा कोणाचा अल्बम आला की मला शाहीर अमर शेख आठवतात. त्यांच्याकडे डफ होता, मैदान होते आणि माईक नसला तरी चालेल असा आवाज होता.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. लोकगीतांचा वारसा आई मुनेरबींकडून आला. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग शाहीर. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तर या शाहिरांनीच पेटवल्या. आचार्य अत्रे अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणत.

आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, मराठी आपली कशी? आपली तर उर्दू." मी उर्दूही शिकवतो, त्यामुळे प्रश्न जिव्हारी लागला. फळ्यावर 'मेहबूब पटेल' लिहिले आणि मुनेरबींपासून सुरुवात केली. तास संपला तरी मुले उठेनात.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. ते गेले १८ जुलै १९६९ रोजी; सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. पुढच्या सहलीला मुलांना चिरागनगर दाखवायचे ठरले आहे. तो आठवीतला मुलगा डफ आणणार म्हणतो.