सुजलेला डावा पाय

आजीच्या थोरल्या जाऊबाई बारशाच्या आदल्या दिवशी गेल्या. बाळंतपण सुखरूप झालं होतं, सुईण खण-नारळ घेऊन परतलीही होती. पण तेव्हापासून बाजेखाली पाऊल नाही. डावा पाय सुजला, पोटरी ठणकायला लागली, तिला शेक चालू होता. त्या सकाळी न्हाणीकडे जायला उठल्या, "जीव घुसमटतोय गं" म्हणाल्या आणि उंबऱ्यातच कोसळल्या. दृष्ट लागली, असं घराने ठरवलं. त्यांचं बाळ आजीने अंगावर पाजून वाढवलं; ते आमचे काका.

हे सांगताना आजी पायाचा उल्लेख कधी गाळत नसे. डॉक्टरांनीही तोच आधी विचारला असता. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे बर्लिनच्या रुडॉल्फ फिरकोव्हने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. प्रसूतीत रक्त वाहून बाई दगावू नये म्हणून गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागतं. हीच तजवीज निजून राहिलेल्या बाळंतिणीवर उलटते, आणि बहुधा डाव्या पायात. तिथली शीर धमनीखाली दाबली जाते.

उपाय उशिरा आला. हेपरिन १९१६ मध्ये सापडलं, पण ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी त्याची कसोटी १९६० मध्ये मांडली: रक्त पातळ करणारं औषध न दिलेल्या १९ रुग्णांपैकी पाच जण गुठळीने दगावले, दिलेल्या १६ पैकी एकही नाही. पुढे रुग्णांना औषधाविना ठेवणं त्यांना पटेना.

माझी आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी चालवायची, तेव्हा सासवा भांडायला येत. आत्या हटत नसे, आणि तिचंच बरोबर होतं.

आज डॉक्टर फुप्फुसातल्या गुठळीचा दाट संशय आला की तपासणीची वाट न पाहता ऑक्सिजन लावतात, हेपरिन टोचतात. बाळ पोटात असलं तरी चालतं. ते वारेपलीकडे जात नाही. सीटी स्कॅनही टाळत नाहीत. रक्तदाब कोसळला तर गुठळी विरघळवणारं औषध देतात. ओल्या बाळंतिणीला त्याने मोठा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्ताच्या पिशव्या हाताशी ठेवतात. तेही जमत नसेल तर शस्त्रक्रियेने गुठळी काढतात.

धोका सव्वा महिना उलटला तरी पुरता टळत नाही, आणि सिझेरियननंतर तो जास्त असतो. घरात बाळंतीण असेल आणि तिला एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर शेक नको, दृष्ट काढणं नको. धाप किंवा छातीत कळ असेल तर लगेच १०८ ला फोन करा. नुसता पाय सुजला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.