गार इंजिनाचे निदान : बीड जिल्ह्यातली जुनी डिझेल वाहने

रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी सेल्फ मारूनही न लागणे, लागल्यावर पांढरा धूर ओकणे आणि पहिली काही मिनिटे खडखडणे ही जुन्या डिझेल वाहनांची नेहमीची तक्रार आहे. बीड जिल्ह्यात ती हिवाळ्यातच जास्त बोचते, कारण ऊसतोडीचा हंगाम तेव्हाच असतो. दिवाळीच्या आगेमागे केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टर कोप्यांजवळ उघड्यावर उभा राहतो, आणि सकाळी तो लागला नाही तर तोडलेला ऊस फडातच वाळतो. मालक आणि चालक दोघेही दोष थंडीला देतात. या नोंदीचे म्हणणे वेगळे आहे : बीडमधल्या बालाघाट डोंगररांगेवरची थंडी इंजिन बंद पाडण्याइतकी कडक नसते, आधीपासून असलेला दोष ती फक्त उघड करते. म्हणून तपासणी इंजिन गार असतानाच झाली पाहिजे.

हे हिशेबानेही दिसते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. संपीडन गुणोत्तर १८ धरले आणि इंजिन धडधाकट असले, तर ३० अंश सेल्सिअसची हवा सेल्फच्या वेगावर दाबली जाऊन ढोबळमानाने साडेचारशे अंशांपर्यंत तापते. सकाळी तीच हवा १० अंशांची असली तर शेवटचे तापमान चारशेच्या आसपास राहते, म्हणजे साधारण पन्नास अंशांचा फरक. डिझेल स्वतःहून पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंश लागतात, तेव्हा चारशे अंश पुरेसे आहेत. पण रिंगा आणि लायनर झिजले असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील किंवा सेल्फ इंजिनाला रेंगाळत फिरवत असेल, तर दाबलेली हवा गळते आणि तिची उष्णता भिंतींत जिरते. मग दुपारच्या हवेतही शेवटचे तापमान पावणेतीनशेच्या खाली उतरू शकते. थंडी पन्नास अंश खाते, झीज दीडशेहून अधिक खाते. झिजलेले इंजिन दुपारी कसेबसे लागते आणि सकाळी उरलेले पन्नास अंशही गेल्यामुळे अडते. आळ मात्र पहाटेच्या गारठ्यावर येतो.

ऑइल थंडीत घट्ट होते, त्याचे काय, असा आक्षेप घेतला जातो. घट्ट होते हे खरे, पण २०डब्ल्यू-४० प्रतीच्या ऑइलची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर घेतली जाते. बीडमध्ये तो मुद्दा उरत नाही. ऑइलची प्रत बदलण्याआधी बॅटरी पाहावी. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर अर्थिंगची वायर आणि टर्मिनलवरचा गंज तपासावा. हा खर्च किरकोळ आहे आणि बहुधा तोच विसरला जातो. पुढची पायरी इंधनाची. सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा हातपंप चालवून पाहावा. त्यानंतर इंजिन लगेच लागले तर रात्रीतून लाइनमध्ये एअर शिरते आहे, म्हणजे वॉशर, फिल्टरचे सील किंवा पाइपचा जोड सैल आहे. हातपंपाने फरक पडला नाही, सेल्फ जोरात फिरतो आणि तरीही पांढरा धूर येतो, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे पण जळत नाही. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात त्यांचे प्लग आधी बघावेत, मग नोजल आणि टायमिंग, आणि शेवटी गेज लावून कॉम्प्रेशन. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांहून बराच खाली आला तरच हेड उघडण्याला अर्थ आहे.

आवाजाचे तर्कशास्त्र याहून बारीक आहे, कारण आवाज तापमानाबरोबर बदलतो आणि तो बदल हाच पुरावा असतो. गार इंजिनात इंधन पेटायला उशीर होतो, साचलेले डिझेल एकदम भडकते आणि धातूवर हातोडी बसल्यासारखा कडक ठोका ऐकू येतो. इंजिन तापले की तो विरतो. झिजलेला पिस्टनही गार असताना लायनरवर आपटतो आणि फुगल्यावर शांत होतो. टॅपेटची टकटक इंजिनाच्या निम्म्या गतीने येते : ७०० फेऱ्यांवर मिनिटाला साडेतीनशे, आणि ती इंजिन तापल्यावरही पूर्ण जात नाही. बेअरिंगचा ठोका मात्र उलट वागतो. तो खोल असतो आणि ऑइल तापून पातळ झाल्यावर, विशेषतः लोडवर, वाढतो. गॅरेजमध्ये गाडी चालवत आणली की पहिले दोन आवाज वाटेतच जिरलेले असतात, आणि मिस्तरीला कहाणीवरून निदान करावे लागते. त्यात त्याचा दोष नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोजलचा नट थोडा सैल करून कोणत्या सिलिंडरचा ठोका कमी होतो हे कळते. कॉमन रेल इंजिनावर असे कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि फवारा कातडीत घुसतो.

‘गाडी उतारावर लावली की काम भागते’ हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि हंगामात तो समजण्यासारखाही आहे. पण ढकलून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून लावल्याने फक्त सेल्फची कमजोरी झाकली जाते. हेड पॅकिंगमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर त्याच ओढण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘जुने आहे, आवाज करणारच’ हे तर त्याहून घातक, कारण झीज वयाने कमी आणि धुळीने जास्त होते. काळ्या मातीच्या कोरड्या धुळीत ऑइल बाथ एअर क्लीनरमधले ऑइल गाळाने भरले, किंवा त्याच्या पुढचा रबरी होज चिरला, तर धूळ थेट लायनरवर घासते. हंगामाला निघण्याआधी हे दोन भाग पाहायला फार वेळ लागत नाही. आणि तापल्यावर वाढणारा ठोका ऐकू आला, ऑइल प्रेशर खाली आले, तर इंजिन तिथेच बंद करून वाहन ओढून न्यावे. वेळीच थांबले तर बेअरिंगच्या संचावर भागते, पुढे चालवले तर क्रँक घासून घ्यावा लागतो.